तुळस का वाळते? कुंडीतली माती आणि गांडुळाचे खत

भगिनींनो, दारातली तुळस वाळली की घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? "पाणी कोण घालत होतं?" आणि पाणी घालणारी बहुधा घरातली सूनच असते. मग बोलणी सुरू होतात. हिच्या हाताला गुण नाही, विटाळात शिवली असेल, घरावर काहीतरी यायचे असेल. सून बिचारी खाली मान घालून ऐकते, बाजारातून नवे रोप आणते, रोज तांब्याभर पाणी घालते आणि सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तीच गत.

आमच्या शेजारच्या घरात हे तीन वर्षे चालले होते. तीन वर्षांत चार तुळशी गेल्या. चौथी गेली ती माघात. संध्याकाळी ती पोर परसदारी माझ्याकडे आली. डोळे भरलेले. म्हणाली, "काकू, एक दिवस पाणी चुकवलं नाही. तरी माझ्याच हातची का जाते?"

मी म्हटले, "चल, आधी माती बघू. तुळशीला काय झालं ते मातीच सांगेल."

आम्ही दोघी खुरपे घेऊन वृंदावनापाशी गेलो. वरची माती विटेसारखी घट्ट. तिच्यावर मिठासारखा पांढरा थर. कडेला मातीने भिंत सोडलेली, बोट जाईल एवढी फट. खुरपे खोल घातले तर तळाशी चिखल, आणि त्याला गटारासारखा वास. मुळे काळी पडलेली. म्हणजे रोजचे पाणी फटीतून सरळ खाली जात होते आणि तिथेच साचत होते. मधली माती कोरडी ठणठणीत. वरची मुळे तहानेने आणि खालची मुळे कुजून, अशी ती तुळस दोन्हीकडून मेली होती.

सासूबाई ओसरीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या हाती वीस वर्षं तुळस होती. एक म्हातारी झाली की बाजूला दुसरी आपोआप उगवायची. तेव्हा कुठं होतं हे माती बघणं?"

प्रश्न खरा होता. मी विचारले, "आत्याबाई, ते जुनं वृंदावन कशाचं होतं?" दगडमातीचे होते. खाली बूड नव्हते, थेट अंगणाची जमीन. घर नवे बांधले तेव्हा वृंदावनही नवे झाले. सिमेंटचे, फरशी लावलेले, देखणे. बुडाला कोबा केलेला आणि पाणी जायला एक भोकही नाही. तुळशी जाऊ लागल्या त्या तेव्हापासून.

वाचकहो, सगळे इथेच आहे. जुन्या वृंदावनातली तुळस जमिनीत होती. नव्या वृंदावनातली तुळस कुंडीत आहे. वृंदावन कितीही पवित्र असले तरी मुळांच्या दृष्टीने ती एक बंद पेटीच. हे ध्यानात आले की पुढचा मार्ग सोपा आहे.

शेतातली माती आणि कुंडीतली माती

शेतातल्या मातीला कोणी ना कोणी सतत काही देत असते. पालापाचोळा पडतो, गुरांचे शेण पडते, काडीकचरा कुजतो. खालून गांडुळे येतात, तो पाला बिळात ओढून नेतात, खातात आणि माती होऊन वर टाकतात. त्यांच्या बिळांतून हवा आत जाते, पावसाचे पाणी मुरते. आपण फक्त नांगरट पाहतो, पण ही दुसरी नांगरट रात्रंदिवस चाललेली असते.

कुंडीत यातले काही होत नाही. पाला पडला तर आपणच झाडून टाकतो. खालून कोणी येऊ शकत नाही. रोज पाणी घातले की त्याबरोबर मातीतले अन्न थोडे थोडे भोकातून वाहून जाते. भोक नसेल तर पाणी साचते. मातीतला कुजलेला भाग आपल्याकडच्या उन्हात लवकर संपतो, आणि तो संपला की मातीचे कण एकमेकांना चिकटून ढेकूळ होते. काळी माती असेल तर आणखी पंचाईत. ती वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर ते वर साचून पांढरा थर धरतो.

तुळशीच्या बाबतीत आपली भक्तीही कधीकधी मुळावर येते. दिव्यातले तेल सांडते, नैवेद्याचे दूध मुळाशी ओतले जाते, उदबत्त्या मातीत खोचल्या जातात. श्रद्धा सोडा असे मी म्हणणार नाही. दिवा देवळीत लावावा, उदबत्ती घरात लावावी, आणि मुळाशी फक्त पाणी घालावे.

हा मुका मजूर करतो काय?

गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण तो मित्र नेमके काय करतो, हे थोडे समजून घ्या.

गांडुळाला दात नाहीत, डोळे नाहीत, कान नाहीत. ते अंगाच्या ओलसर कातडीने श्वास घेते, म्हणून कातडी सुकली की मरते. कुजके पान आणि माती तोंडाने आत घेते. आत जात्यासारखी एक घट्ट स्नायूंची पिशवी असते. तिच्यात वाळूच्या बारीक कणांनी ते अन्न भरडले जाते. पुढे आतड्यात असंख्य सूक्ष्म जीव त्यावर काम करतात. शेवटी बाहेर पडते ती चहापत्तीसारखी काळसर, रवाळ विष्ठा. हेच गांडूळखत. त्याचा प्रत्येक कण पाणी धरून ठेवतो आणि दोन कणांच्या मधून हवा खेळते. झाडाला हवे असलेले अन्न त्यात मुळांना लवकर घेता येईल अशा रूपात असते.

या प्राण्यावर इंग्लंडचे थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी आयुष्यातली अनेक वर्षे घालवली. १८८१ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी गांडुळांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा हिशेब असा, की इंग्लंडमधल्या बऱ्याच जमिनीत एका एकरातली १० टनांहून अधिक कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. गंमत अशी, की डार्विन आपल्या अभ्यासाच्या खोलीत मातीच्या कुंड्यांत गांडुळे पाळत. त्यांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी मुलाने जवळ वाद्य वाजवून पाहिले. गांडुळे ढिम्म हलली नाहीत. पण त्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवला तेव्हा ती चटकन बिळात शिरली. कान नसले तरी हादरा त्यांना अंगाने कळतो. म्हणून गांडुळांचे भांडे पिठाच्या गिरणीशेजारी किंवा पाण्याच्या पंपाशेजारी ठेवू नये, एवढा धडा आपण यातून घ्यावा.

मग गांडुळेच कुंडीत सोडावीत का?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर आहे, नको.

खत करणारी गांडुळे आणि शेतात खोल बिळे करणारी गांडुळे या वेगवेगळ्या जाती आहेत. खतासाठी आपल्याकडे आयसेनिया फेटिडा ही तांबडी जात आणि युड्रिलस ही आफ्रिकेतली मोठी जात वापरतात. पेरिऑनिक्स ही आपल्याच देशातली जातही या कामाला चांगली आहे. या तिन्ही जाती वरच्या कुजक्या पाल्यात आणि शेणात राहणाऱ्या. नुसत्या मातीत त्यांचे पोट भरत नाही. कुंडीत त्यांना खायला थोडेच असते. वर कुंडी उन्हात तापते, पाणी जास्त झाले की दलदल होते. चार दिवसांत ती एकतर भोकातून निघून जातात किंवा मरतात. गाईला गोठ्यात बांधून वैरण न घालण्यासारखेच ते.

म्हणून गांडुळाचे घर वेगळे करावे आणि तिथे तयार झालेले खत कुंडीला न्यावे. गांडूळ कुंडीपर्यंत येऊ शकत नाही, तर त्याचे काम आपण ओंजळीने तिथे पोहोचवायचे. खताबरोबर एखादे पिल्लू किंवा अंडे कुंडीत गेले तर बिघडत नाही.

माझी पहिली फजिती

हे सगळे मी आज सांगते आहे, पण पहिल्या वेळी माझे हसू झाले होते. कोणीतरी सांगितले, गांडुळांना शेण आवडते. मी सकाळचे ताजे शेण पाटीभर खोक्यात भरले आणि वर अर्धा किलो गांडुळे सोडली. दुसऱ्या दिवशी खोके उघडते तो निम्मी भिंतीवर चढलेली आणि उरलेली मेलेली. ताजे शेण कुजताना तापते. हात घालून पाहिला असता तरी कळले असते.

दुसऱ्या वेळी शेण मुरलेले घेतले. पण खोके जमिनीवरच ठेवले. तिसऱ्या रात्री तांबड्या मुंग्यांची रांग लागली आणि सकाळपर्यंत बाजार उठला. घरातले म्हणाले, "हिच्या हातून गांडूळसुद्धा जगत नाही." तेव्हा शेजारच्या सुनेला काय वाटत असेल हे मला चांगले माहीत होते.

तिसऱ्या वेळी जमले. ते कसे, ते आता सांगते. माझ्या दोन चुका तुम्ही करू नका.

गांडुळाचे भांडे कसे लावावे

भांड्यासाठी पैसे घालवू नका. भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट, लाकडी खोके, चीर गेलेला माठ, रांजणाचे बूड, जुना टब, काहीही चालते. साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक फूट खोल एवढे भांडे एका घराला पुरते. क्रेटला आतून गोणपाट लावा. बंद भांडे असेल तर बुडाला आठ-दहा भोके पाडा. पाणी साचले तर गांडूळ गुदमरते.

जागा सावलीची हवी. गोठ्याचा कोपरा, पडवी, आंब्याखालचा आडोसा. ऊन आणि पाऊस दोन्ही थेट लागता कामा नयेत. भांडे चार विटांवर ठेवा आणि प्रत्येक विटेखाली पाण्याची वाटी किंवा परात ठेवा, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. कोंबड्या, उंदीर आणि घुशी यांना गांडूळ म्हणजे मेजवानी. म्हणून वर जाळी किंवा जड फळी हवी.

आत भरायचे ते असे. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा तुरकाड्यांचे तुकडे, तीन बोटे जाडीचा थर. त्यावर वाळका पाला, उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भूस, चार बोटे. त्यावर पंधरा-वीस दिवस मुरलेले, थंड झालेले शेण, वीतभर. सगळ्यावर पाणी शिंपडा आणि दोन दिवस तसेच ठेवा. मग मधोमध हात घाला. गरम लागले तर आणखी थांबा. थंड लागले तरच गांडुळे सोडा. जनावराला नुकतेच जंताचे औषध पाजले असेल तर त्याचे शेण काही आठवडे घेऊ नका.

सुरुवातीला पाव किलो गांडुळे पुष्कळ झाली. वर सोडली की उजेड नको म्हणून ती आपणच आत शिरतात. वरून ओले गोणपाट झाका.

ओल किती असावी याला मोजमाप नको. आतला मूठभर माल घट्ट पिळा. एक-दोन थेंब पडले तर ठीक. धार लागली तर पाणी जास्त, तेव्हा वाळका पाला मिसळा. एकही थेंब नाही आणि मूठ उघडताच भुगा झाला, तर पाणी शिंपडा. उन्हाळ्यात गोणपाट दिवसातून दोनदा भिजवावे लागते. साधारण २० ते ३० अंश तापमान गांडुळांना मानवते. पस्तीसच्या वर गेले की त्यांचे हाल सुरू होतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या भगिनींनी वैशाखात भांडे घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, माठाशेजारी हलवावे. नीट निगा असेल तर वास मुळीच येत नाही. वास आला तर समजा, पाणी जास्त झाले किंवा खाणे जास्त झाले.

खायला काय घालावे

गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत खाते असे धरा. पाव किलो गांडुळांना रोज दोन मुठी पुरे. आधीचे संपल्याशिवाय नवे घालू नये. भाज्यांची देठे, केळीची साले, चहाचा चोथा, वाळकी पाने, निर्माल्यातली फुले, वहीची फाडलेली पाने, अंड्याच्या टरफलाची पूड, हे सगळे चालते. बारीक चिरून घातले तर लवकर खाल्ले जाते. निर्माल्याला तर याहून चांगली जागा नाही. फक्त हारातला दोरा आणि प्लॅस्टिक काढून टाका.

मीठ, तेल, लोणचे, आमटी-भाजीचे उरलेसुरले, दूध-दही, मटण-मासे घालू नका. लिंबाची साले, मिरच्या, कांदा-लसूण ढिगाने घालू नका. राख चिमूटभर चालते, सूपभर नाही. औषध फवारलेला पाला तर मुळीच नको.

एक सांगून ठेवते. या खतात टोमॅटो, मिरची आणि भोपळ्याची रोपे आपोआप उगवतात. शेणखताचा ढीग तापतो आणि त्यात बी मरते. गांडुळाचे भांडे तापत नाही, म्हणून बी जिवंत राहते. घाबरू नका. चांगली रोपे काढून डब्यात लावा, बाकीची उपटून पुन्हा भांड्यातच टाका. मात्र तणाचे बी धरलेले गवत आत घालू नका, नाहीतर कुंडीत गाजरगवत लावल्यासारखे होईल.

खत कसे काढावे

दीड-दोन महिन्यांत वरचा माल काळसर, रवाळ होतो आणि पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास येतो. मग तीन-चार दिवस पाणी बंद करा. गोणपाटावर माल ओतून त्याचा शंकूसारखा ढीग करा. तो उजेडात पण सावलीत ठेवा, कडक उन्हात नको. उजेडाने गांडुळे तळाशी जातात. तास-दोन तासांनी वरचे खत हलक्या हाताने काढून घ्या. थोडे थांबा, पुन्हा काढा. शेवटी तळाशी गांडुळांचा गोळा उरतो. तो नव्या शेणात सोडा.

पिवळसर, लिंबाच्या आकाराचे पण मोहरीपेक्षा थोडे मोठे दाणे दिसले तर टाकू नका. ती गांडुळांची अंडी. एकेका दाण्यातून दोन-चार पिल्ले निघतात.

काढलेले खत चाळा आणि सावलीत, किंचित ओल राखून गोणीत ठेवा. उन्हात खडखडीत वाळवले तर त्यातले सूक्ष्म जीव मरतात आणि त्याचा अर्धा गुण जातो. काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा. हाताला जखम असेल तर शेणात हात घालू नका.

किती मिसळावे?

इथे बायका हात सैल सोडतात. खत चांगले, मग कुंडीभर तेच का नको? तर नको. अमेरिकेत ओहायो राज्याच्या विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन २०००च्या आसपास टोमॅटो, झेंडू अशा रोपांवर पुष्कळ प्रयोग केले. कुंडीच्या मातीत अगदी थोड्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत गांडूळखत मिसळून पाहिले. साधारण १० ते ४० टक्के खत असताना रोपे उत्तम वाढली. निव्वळ खतात मात्र ती मागे पडली. खतातही क्षार असतात, आणि नुसते खत ओल धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही. भाकरीबरोबर ठेचा हवा, पण भाकरीएवढा ठेचा कोणी खात नाही.

आपल्या घरचे माप असे ठेवा. तांबडी किंवा पोयट्याची माती दोन घमेली, जाड वाळू एक घमेले, गांडूळखत एक घमेले. माती काळी असेल तर माती एक, वाळू एक, कुजलेला पाला किंवा जुने शेणखत एक, आणि गांडूळखत एक. तेलाचा १५ लिटरचा डबा भरायला साडेतीन-चार लिटर खत लागते.

डब्याला किंवा कुंडीला बुडाला भोक आधी पाडा. ते बुजू नये म्हणून त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. भोक नसलेल्या कुंडीत सोन्यासारखी माती घातली तरी ती सडणार.

कुंडी आधीच लावलेली असेल तर सगळे उपसायची गरज नाही. वरची दोन बोटे माती खुरप्याने मोकळी करा, दोन मुठी खत मिसळा, वर वाळक्या पाल्याचा थर पसरा आणि पाणी द्या. दर दोन महिन्यांनी एवढे पुरे. वर पांढरा थर असेल तर तो खरवडून टाका आणि एकदा भोकातून भरपूर पाणी वाहील असे घाला, म्हणजे क्षार धुऊन जातील. रोज तांब्या ओतण्याऐवजी आधी बोट घालून बघा. बोटाला ओल लागली तर पाणी नको.

शेताच्या घरात डबे कशाला?

काही बंधू म्हणतील, आमचे पाच एकर रान असताना डब्यात काय लावायचे? पण रान असते कोसभर लांब, आणि फोडणीला कढीपत्ता हवा असतो आत्ता. उन्हाळ्यात विहीर आटली की रानातला भाजीचा वाफा पहिला वाळतो. अशा वेळी चार डब्यांना भांडी विसळलेले, बिनसाबणाचे पाणी पुरते. मेथी, कोथिंबीर, पुदिना, मिरची, पालक, एखादा शेवग्याचा कोंब. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपे रानात लावण्याआधी अशाच मातीत तयार केली तर ती मुळांनी भरलेली निघतात. आणि बाजाराला जाणे झाले नाही तरी लेकरांच्या ताटात हिरवे काहीतरी पडते. घरातल्या बाईला हे कोणाकडे पैसे न मागता करता येते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

पैशावरून एक सावधगिरीचा शब्द. आमच्याकडून गांडुळे आणि साहित्य घ्या, तयार झालेला सगळा माल आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे सांगत कोणी दारात आले तर आधी चार दिवस थांबा. परत घ्यायला कोणी येत नाही, असे अनुभव लोकांनी घेतलेले आहेत. तुम्हाला हवी आहेत फक्त पाव किलो गांडुळे. ती कृषी विज्ञान केंद्रात, कृषी विद्यापीठात किंवा खत करणाऱ्या शेजाऱ्याकडे मिळतात. गांडूळ हे विरजणासारखे आहे. एकदा घरात आले की आपले आपण वाढते, आणि आपल्यातले थोडे शेजारणीला दिले तरी कमी होत नाही.

गांडूळखत म्हणजे जादूही नव्हे. तुळस मुळात फार वर्षे जगणारे झाड नाही. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या नाहीत तर ती बी धरते, काष्ठ होते आणि जाते. पौषातली कडक थंडीही तिला सोसत नाही. म्हणून मंजिऱ्या खुडत जा, थोड्या बियांसाठी ठेवा, आणि दुसऱ्या डब्यात एक-दोन रोपे नेहमी तयार असू द्या.

शेजारच्या तुळशीचे पुढे काय झाले

त्या नव्या वृंदावनाच्या बुडाला गवंड्याकडून दोन भोके पाडून घेतली. जुनी माती काढून परसात टाकली. सुनेने माझ्याकडून ओंजळभर गांडुळे नेली आणि फुटक्या माठात भांडे लावले. सासूबाई पहिल्या दिवशी तिकडे फिरकल्या नाहीत. आठवड्याने मी गेले तर देवाचे निर्माल्य त्या स्वतः माठात टाकत होत्या. मी काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत.

चैत्रात माती भरून रोप लावले. पावसाळ्यात ते कंबरेला लागले. कार्तिकात त्याच तुळशीचे लग्न लागले. अंतरपाट धरायला मीही होते. अक्षता पडल्यावर सासूबाईंनी सुनेच्या हातात हळदीकुंकवाची कोयरी दिली आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "तुळस हिनं जगवली." एवढेच वाक्य. पण तीन वर्षांच्या बोलण्याची भरपाई त्यात होती. नंतर अंगणात बुंध्याशी दोन इवली रोपे आपोआप उगवलेली सापडली, जुन्या वृंदावनात उगवायची तशीच.

तेव्हा भगिनींनो, तुमच्या दारची तुळस वाळत असेल तर कोणाच्या हाताला नाव ठेवण्याआधी खुरपे घ्या आणि माती बघा. भोक आहे का, ओल कुठे आहे, माती मोकळी आहे का. आणि तुमच्या घरी गांडुळाचे भांडे चांगले चालले असेल तर या तुळशीच्या लग्नाला शेजारणीच्या घरी पानसुपारीबरोबर ओंजळभर गांडुळेही न्या. पहिल्यांदा ती दचकेल. पुढच्या वर्षी तीच कोणाला तरी देईल.